चावणारं पाणी

ओट्यावर परात ठेवायला जागा उरली नव्हती. एका कडेला पाने, पकड आणि टेफ्लॉन टेपची गुंडाळी, दुसऱ्या कडेला रबरी वायसरांनी भरलेलं श्रीखंडाचं डबडं, आणि ओट्याखाली, पिठाच्या डब्याची जागा बळकावून उभा राहिलेला गॅसचा सिलिंडर. त्याच्यातून निघालेली नळी भिंतीवरून फिरून थेट मिसळणाच्या डब्यापर्यंत आली होती.

"अहो, भाकरी कुठं थापू? तुमच्या टकलावर?" प्रयागबाईंनी विचारलं.

"दोनच मिनिटं. ह्यो वायसर बसला की झालंच," महिपतराव मान वर न करता म्हणाले.

हे 'झालंच' प्रयागबाई बारा दिवस ऐकत होत्या.

महिपतराव वालचंदनगरला कारखान्यात टर्नर होते. पस्तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. केसाएवढा फरक बोटाला कळतो, असा त्यांचा लौकिक. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून इंदापुरात दोन खोल्या बांधल्या, तेव्हा दाराच्या बिजागऱ्यासुद्धा त्यांनी स्वतः करून बसवल्या. अशा माणसाला ग्लासभर पाण्यात बुडबुडे घालता येईनात, ही गोष्ट त्यांना जितकी लागत होती, त्याहून जास्त आता प्रयागबाईंना लागायला लागली होती. कारण दर खेपेला ग्लास त्यांच्याच हातात यायचा, आणि महिपतराव समोर उभे राहून त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचे.

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो एका पडण्यातून.

गेल्या दिवाळीनंतर दोघं लेकीकडून, बारामतीहून, स्कूटरवरून परत येत होते. दिवस कलला होता. भवानीनगर मागं पडल्यावर पुढचा गतिरोधक महिपतरावांना दिसला नाही. स्कूटर उडाली आणि मागं बसलेल्या प्रयागबाई डोक्यावर आपटल्या. महिपतरावांना साधं खरचटलंही नाही. आठ दिवसांनी डोक्याची पट्टी सुटली. घरी आल्यावर प्रयागबाईंनी पहिल्यांदा चहा केला तर त्यांना वाटलं, आलं घालायला विसरले. मग वाटलं, पावडर जुनी झाली. मग फोडणीत हिंग टाकला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. तेल तडतडत होतं, मोहरी उडत होती, पण वास म्हणून काही नव्हताच. नुसता आवाज.

"नाकापासून मेंदूकडं जाणाऱ्या बारीक तारा तुटल्यात," बारामतीचे डॉक्टर म्हणाले. "येईल वास परत. कदाचित नाहीही येणार. वाट बघायची."

वाट बघण्यात सहा महिने गेले. गोड, खारट, आंबट एवढं जिभेला कळायचं, पण मेथी आणि शेपू एकच झाली होती. आंबा म्हणजे नुसता गोड गर. तिखट लागायचं, पण ते भाजल्यासारखं. त्याला चव म्हणत नाहीत. ज्या बाईचा काळा मसाला न्यायला पार सणसरहून पाहुणे डबे घेऊन यायचे, तिला खोबरं भाजलं की करपलं, हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं. जेवण म्हणजे पोटात काहीतरी ढकलायचं काम झालं होतं. महिपतराव मात्र रोज ताटावर बसले की म्हणायचे, "झकास झालीय आमटी." रोज, अगदी न चुकता.

मग वैशाखात बारामतीला एक लग्न निघालं. त्या उकाड्यात लेक प्राचीनं आईच्या हातात गार सोड्याचा ग्लास दिला. प्रयागबाईंनी एक घोट घेतला आणि दचकल्या. जिभेवर, टाळ्यावर, नाकाच्या मुळाशी बारीक बारीक काहीतरी टोचत गेलं. डोळ्यांत पाणी आलं.

"काय गं आई? ठसका लागला?"

"न्हाय गं. ह्यो चावतोय," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "मिरची भाजती, ह्यो भाजत न्हाय. तोंड जागं झाल्यागत वाटतंय बघ."

त्या दिवशी लग्नात त्या पोटभर जेवल्या. घासागणिक घोट. महिपतराव शेजारच्या खुर्चीवरून ते बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून घरात दुकानातल्या सोड्याच्या बाटल्या आल्या. पण प्राचीनं एकदा बाटलीवरचा मजकूर वाचला आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यात खार असतो, आईला ब्लडप्रेशर आहे, रोज दोन वेळा नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"घरी करायचं मशीन मिळतं, आप्पा. मागवू का?" प्राचीनं फोनवर विचारलं.

"तयार कशाला? मी काय मेलोय का?" महिपतराव म्हणाले. "साधं पाणी आन गॅस. त्यात काय अवघड हाय?"

अवघड काय आहे, ते हळूहळू कळत गेलं.

पहिल्यांदा त्यांनी दोन बाटल्या नळीनं जोडून एकीत व्हिनेगर आणि खायचा सोडा घातला. फसफसून व्हिनेगरच दुसऱ्या बाटलीत आलं. मग ते बारामती एमआयडीसीत गॅसवाल्याकडं गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, हा वेल्डिंगचा गॅस, हा प्यायचा नाही. शीतपेयाला जातो तो वेगळा. तो वेगळा मिळवायला तीन हेलपाटे झाले. अखेर सिलिंडर पायांच्या मध्ये उभा धरून त्यांनी स्कूटरवरून आणला. अपघातानंतर प्रयागबाई त्या स्कूटरवर बसल्या नव्हत्या. दारात उभं राहून त्यांनी ते दृश्य बघितलं आणि मनात म्हटलं, बरंय, माझी जागा भरली.

ओळखीच्या वर्कशॉपात लेथवर त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीसाठी पितळी झाकण केलं, त्यात टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व बसवला. काम देखणं होतं, नाकारायचं कारण नाही. पण पहिल्या दिवशी झाकण गळलं. दुसऱ्या दिवशी नळी निसटली आणि सापासारखी स्वयंपाकघरभर फिरली. चौथ्या दिवशी झाकणच उडालं, पंख्याच्या पात्याला लागून थेट देव्हाऱ्यात गेलं. महिपतराव साबणाचा फेस लावून लावून गळती शोधत राहिले. प्रयागबाई फरशी पुसत राहिल्या. आणि रोज संध्याकाळी ग्लास पुढं यायचा.

"कसा झालाय?"

"तुमीच बघा की पिऊन."

"माझी जीभ तंबाखूनं मेलेली. मला काय कळतंय? ज्याच्यासाठी करायचा, त्यानं सांगायचं."

आणि प्रयागबाई घोट घ्यायच्या. माठातलं पाणी, त्यात कुठंतरी चुकार चार बुडबुडे. "न्हाय," त्या म्हणायच्या. महिपतरावांचा चेहरा पडायचा. ते पुन्हा खाली बसायचे, पुन्हा पकड उचलायचे. आठव्या दिवसापासून झाकण गळायचं थांबलं होतं. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जिथं हवा तिथं उभा राहत होता. तरी पाणी ते पाणीच.

"गेज बरोबर, वायसर बरोबर, मग ह्याला काय धाड भरलीय?" ते सिलिंडरशी बोलायचे.

"आवं, स्टँडवर त्यो सोड्याची गाडी लावतो, राजमहंमद. त्याला इचारा की एकदा," प्रयागबाईंनी सुचवून बघितलं.

"गाडीवाल्याला? पस्तीस वर्षं मशीनवर काढली मी. आता मी गाडीवाल्याला इचारू, पाणी कसं करायचं?"

बाराव्या दिवशी, परात जमिनीवर ठेवून भाकरी थापल्यानंतर, ग्लास पुन्हा पुढं आला. प्रयागबाईंची कंबर भरून आली होती. सकाळपासून तीन वेळा फरशी पुसून झाली होती. त्यांनी घोट घेतला. कालच्यापेक्षा तसूभरही वेगळा नव्हता. समोर महिपतराव उभे, बनियन घामानं भिजलेली, बोटाला चिंधी बांधलेली.

"झकास झालाय," प्रयागबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला तो गेला. महिपतराव आधी नुसते बघत राहिले. मग हसले. अपघातानंतर ते असे हसल्याचं प्रयागबाईंना आठवत नव्हतं. "चावतोय?" त्यांनी विचारलं. "चावतोय की," त्या म्हणाल्या. आता एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण महिपतराव तसेच बनियनवर बाहेर गेले आणि ओरडले, "ओ झुंबरतात्या! या जरा. आन सुनंला बी आणा. सोडा प्यायला!"

"अहो, राहू द्या की," प्रयागबाई मागून म्हणत होत्या, पण कोण ऐकतंय?

शेजारचे झुंबरतात्या आले, त्यांची सून अनिता आली. महिपतरावांनी चार ग्लास धुवून भरले, वरून लिंबू पिळलं. अनितानं घोट घेतला, प्रयागबाईंकडं बघितलं आणि म्हणाली, "छान हाय, काका." तात्या मात्र ज्याला त्याला खरं सांगून ऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांनी पाणी तोंडात खेळवलं, गिळलं आणि ग्लास उजेडात धरला.

"महिपतराव, लिंबाचं सरबत म्हून बरं हाय. सोडा कुठंय ह्यात?"

"नीट प्या, तात्या."

"अजून कसं नीट पिऊ? माठाचं पाणी हाय हे. जरा मुंग्या चाललेलं."

महिपतरावांनी स्वतःचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. मेलेल्या जिभेलाही तेवढं कळलं असावं. पाहुणे गेल्यावर त्यांनी दार लावलं.

"खोटं का बोललीस?"

"तुमाला बरं वाटावं म्हून."

"मला बरं वाटायला करतोय का मी हे? तू चुकीचं रीडिंग दिलंस तर मी दुरुस्ती कशाची करू? गेजच खोटा निघाल्यावर माणसानं करावं काय?"

प्रयागबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "गेज? मी गेज हाय व्हय तुमची? बारा दिस उभी हाय तुमच्या म्होरं, पी आन सांग, पी आन सांग! माझी चूल गेली, माझा ओटा गेला. आन रीडिंगचं मला शिकवताय? रोज आमटीला झकास म्हणता, त्ये कोणतं रीडिंग? प्राची मागच्या खेपेला जेवून गेली. तिनं सांगितलं मला. 'आई, मसाला करपट लागतोय, आप्पा रोज हे खातात?' सहा महिने करपलेलं खाऊन तुमी मला झकास म्हणताय!"

महिपतराव खाली बसले. हातातलं पितळी झाकण फिरवत राहिले.

"मग काय म्हणू?" ते म्हणाले. "वास घालवला मी. स्कूटर मी चालवत होतो. आन वरनं तुला सांगू, आमटी करपली म्हून?"

महिपतरावांनी नळी सोडवली, झाकण, पाने, वायसर सगळं एका पोत्यात भरलं आणि पोतं कोपऱ्यात टाकलं. ओटा मोकळा झाला. त्या मोकळ्या ओट्याकडं बघून प्रयागबाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

सकाळी महिपतराव चहा घेऊन तात्यांबरोबर नरसिंहपूरला निघून गेले. येतो म्हणाले नाहीत, कधी येणार तेही नाही. प्रयागबाईंनी भांडी घासली, धुणं केलं, आणि दहा वाजता पायांत चपला घालून त्या चालत स्टँडकडं निघाल्या.

राजमहंमदची गाडी रसवंतीशेजारी उभी होती. पांढऱ्या दाढीचा, सत्तरीकडं झुकलेला माणूस. गोटीच्या बाटल्या बर्फाच्या टबात आडव्या पडलेल्या.

"या वहिनी. लिंबू-सोडा का साधा?"

"प्यायला न्हाय आले, भाई. इचारायला आले." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सिलिंडर, झाकण, गेज, बारा दिवस.

राजमहंमदनं एवढंच विचारलं, "पाणी कसलं घेतात?"

"माठाचं. फ्रीजचं पाणी घशाला बाधतं म्हणत्यात ते."

"हात्तिच्या!" राजमहंमदनं बर्फात हात घालून एक बाटली काढली आणि ती प्रयागबाईंच्या तळहातावर टेकवली. त्यांचा हात झटक्यानं मागं आला. "असं गार पायजे. कोमट पाण्यात गॅस ऱ्हात न्हाय, वहिनी. शिरतो आन निघून जातो. आन बाटलीत मोकळी हवा ठिवत असतील?"

"पाऊण बाटली भरत्यात. वर मोकळीच असती."

"ती हवा दाबून भायेर काढायची. पार बाटली चेपवायची. मग गॅस सोडायचा, आन हालवायची. दोन मिनिटं चांगली हालवायची. माझ्या अब्बांच्या मशीनला चाक होतं, बाटल्या गरगरा फिरायच्या. उगाच फिरायच्या व्हय?"

प्रयागबाईंना रडावं की हसावं कळेना. बारा दिवस! स्टँड घरापासून पंधरा मिनिटांवर होता.

घरी येऊन त्यांनी पाण्याची बाटली फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. तासाभरात वीज गेली. आली, पुन्हा गेली. अर्धवट गार पाण्यावर करायचा मोह झाला, पण त्यांनी तो आवरला. चार वाजता पाण्याच्या कडेला बर्फाची पापुद्र्यासारखी साय दिसायला लागली, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं. बारा दिवस शेजारी उभं राहून कोणतं काय आधी आणि काय नंतर हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. तरी पहिल्या खेपेला नळी नीट बसली नाही आणि 'फस्स' करून गॅस सगळा ओट्यावर गेला. त्या घाबरून दोन पावलं मागं सरल्या. मग पुन्हा पुढं झाल्या. नळी दाबून बसवली, बाटली चेपली, झाकण आवळलं, गेजचा काटा महिपतराव आणायचे तिथं आणला. चेपलेली बाटली फटकन फुगली आणि दगडासारखी कडक झाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घुसळली. दंड भरून आले तरी घुसळत राहिल्या, आणि मग पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली.

महिपतराव दिवे लागायच्या वेळेला आले. हातात प्रसादाची पुडी. पोतं उघडं बघून ते दारातच थांबले. प्रयागबाईंनी त्यांच्यादेखत झाकण हळूहळू सैल केलं. मोठा, लांब सुस्कारा निघाला. बुडबुडे तळापासून वर धावत सुटले. त्यांनी ग्लास भरला आणि घोट घेतला.

जिभेवर टाचण्या. टाळ्यावर टाचण्या. नाकाच्या मुळाशी झिणझिण्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"खरं सांग," महिपतराव म्हणाले.

"खरंच. आईच्यान. लग्नातल्यापेक्षा जादा चावतोय."

"काय केलंस?"

त्यांनी सांगितलं. गाडीवाल्याचं नावही सांगितलं. महिपतरावांचा चेहरा उजळेल असं त्यांना वाटलं होतं, पण तो आणखीच उतरला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "माठाचं पाणी! बारा दिस लोखंडाला दोष देत बसलो. आधी का न्हाय गेलीस त्याच्याकडं?"

"तुमी जाऊ दिलं असतं व्हय?"

भरलेला ग्लास महिपतरावांनी घेतला, प्यायले, मोठी ढेकर दिली, पण झाकणाकडं बघताना त्यांच्या कपाळावरची आठी तशीच होती.

प्रयागबाईंनी ताट वाढलं. महिपतरावांनी आमटीत भाकरी कुस्करली, घास घेतला, आणि त्यांचं तोंड सवयीनं उघडलं. प्रयागबाई बघत होत्या.

"मीठ बरोबर हाय," ते सावकाश म्हणाले. "लसूण जळलाय."

सहा महिन्यांत त्यांच्या स्वयंपाकाबद्दल महिपतरावांनी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. प्रयागबाईंना राग आला, चांगलाच आला. त्यांनी ताटातली वाटी उचलली, आमटी मोरीत ओतली, आणि कढई पुन्हा चुलीवर चढवली.

"या हितं. उभं ऱ्हावा. तुमची जीभ मेलीय, नाक न्हाय मेलं. लसूण झाला की सांगायचं."

तेल तापलं. लसूण पडला. महिपतराव कढईवर वाकले, कान टवकारल्यासारखं नाक टवकारून. प्रयागबाई हातात तिखटाचा चमचा घेऊन थांबल्या.

"आता!" महिपतराव ओरडले.

त्यांनी तिखट टाकलं, पाणी टाकलं, उकळी आली. दोघं जेवायला बसले. महिपतरावांनी पहिला घास चावला आणि थांबले.

"काय?"

"कच्चा राहिला."

"मग आता म्हणून का वरडलात?"

"मला वाटलं जळतोय," महिपतराव म्हणाले.

प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी ग्लास पुन्हा भरला, एक घोट घेतला आणि कच्च्या लसणाच्या आमटीत भाकरी मोडली.